छातीत न दुखणारं डिसेक्शन: पाय गेले, बोलणं गेलं, तेव्हा महाधमनी कधी आठवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या एका मेडिकल ऑफिसरकडे साठीच्या आसपासचे एक शेतकरी आले. उभ्या उभ्या दोन्ही पाय एकदम गेले आणि ते खाली बसले. त्याआधी पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कळ आली होती, पण ती त्यांनी विचारल्यावरच सांगितली. अर्ध्या तासात पायात ताकद परत आली. डिस्क, ट्रान्सव्हर्स मायलायटिस (मज्जारज्जूची सूज), जीबीएस (नसांचा गिलेन-बारे आजार) अशा शंका लिहून त्यांना मणक्याच्या एमआरआयला पाठवलं. मणक्यात काहीच निघालं नाही, पण रेडिओलॉजिस्टला मणक्यासमोरच्या महाधमनीत फ्लॅप, म्हणजे भिंतीच्या आतल्या थराचा सुटलेला पडदा, दिसला. निदान टाइप बी एऑर्टिक डिसेक्शन, म्हणजे महाधमनीची भिंत आतून फाटून सोलली जाणं. पेशंट वाचले. आता डॉक्टर विचारताहेत की छातीत दुखत नसताना हे ओळखायचं कसं, आणि यापुढे प्रत्येक स्ट्रोकला, प्रत्येक पाय गेलेल्या माणसाला छातीचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करायचा का?

मी न्यूरोलॉजिस्ट आहे, त्यामुळे हे पेशंट माझ्याकडे चुकीच्या दारातून येतात. कार्डियाक सर्जनला दिसतं ते ठरलेलं चित्र: फाडल्यासारखी छातीतली कळ, घाम, वाढलेलं बीपी. आमच्याकडे लकवा, फिट, बेशुद्धी किंवा पाय गेले म्हणून येतात. डॉक्टरने विचारलंय म्हणून औषधांची आणि तपासण्यांची नावं उत्तरात येतील. बाकीच्यांनी तेवढा भाग सोडून वाचला तरी चालेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही. डिसेक्शन वर्षाला लाखात तीन ते सहा जणांना होतं. स्ट्रोक आपल्याकडे लाखात शंभराहून जास्त जणांना होतो. सरसकट सीटी अँजिओ केला तर मशीन अडून राहील, स्ट्रोकची गुठळी विरघळवणाऱ्या सुईची वेळ जाईल आणि हाती फार काही लागणार नाही. खरी अडचण निवडीची आहे. दुखणं पुढे येऊन वाट दाखवत नाही, तेव्हा कोणत्या गोष्टीवरून थबकायचं?

त्यासाठी आत काय घडतं ते डोळ्यांसमोर हवं. महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटतो आणि रक्त मधल्या थरात शिरून भिंत सोलत पुढे जातं. कोट घालताना फाटक्या अस्तरातून हात बाहीत न जाता अस्तर आणि कापडाच्या मध्ये घुसतो, तसंच. या खोट्या पोकळीतलं रक्त खऱ्या पोकळीला दाबतं. महाधमनीतून निघणाऱ्या शाखांपैकी कोणाच्या तोंडावर फ्लॅप येऊन बसतो, कोणाच्या आत ती चीर शिरते, तर कोणाला काहीच होत नाही. चढती महाधमनी सापडली तर स्टॅनफर्ड टाइप ए, ती वाचली तर टाइप बी.

मेंदूविकाराच्या पुस्तकात न बसणारी सगळी लक्षणं यातूनच निघतात. मेंदूच्या नेहमीच्या स्ट्रोकमध्ये एक गुठळी एका धमनीत अडकते, आणि त्या धमनीचा नकाशा आम्हाला पाठ असतो. डिसेक्शनमध्ये अडथळा हलता असतो. फ्लॅप दर ठोक्याला फडफडतो. बीपी बदललं की त्याची जागा बदलते. पुढे कुठे दुसरी चीर पडून खोट्या पोकळीतलं रक्त परत खऱ्या पोकळीत आलं, तर दाब उतरतो आणि गेलेला पाय परत येतो. तुमच्या पेशंटचे पाय अर्ध्या तासात आले ते बहुधा असेच. ‘आपोआप बरं झालं, म्हणजे गंभीर नसणार’ हा आपल्या सगळ्यांचा स्वाभाविक तर्क इथे उलटा पडतो.

आता पाय. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी शाखा म्हणजे अ‍ॅडमकिविच धमनी. ती बहुतेकांत डाव्या बाजूने, साधारण नवव्या ते बाराव्या थोरॅसिक मणक्याच्या पातळीवर शिरते. उतरत्या महाधमनीची भिंत तिथे सोलली गेली की मज्जारज्जूच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचं रक्त तुटतं. मग दोन्ही पाय लुळे, दुखणं आणि थंड-गरम कळत नाही, लघवी अडते. पण व्हायब्रेशन आणि पायाच्या अंगठ्याची स्थिती कळते, कारण मागच्या भागाला वेगळ्या धमन्या आहेत. ट्यूनिंग फोर्क कपाटात धूळ खात असेल तर बाहेर काढा. दोन्ही पाय लुळे आहेत, टाचणी कळत नाही आणि घोट्यावर फोर्कची थरथर मात्र नीट कळते, असं मिनिटांत घडलं असेल तर ते रक्तवाहिनीचं दुखणं आहे.

‘मिनिटांत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. जीबीएस दिवसांत चढतो. मायलायटिसला तास ते दिवस लागतात. डिस्क सरकल्याने पाय एकदम जाऊ शकतात, पण त्यात सहसा मागच्या भागाच्या संवेदनाही जातात. उभ्या माणसाचे पाय एका मिनिटात जातात तेव्हा पहिला संशय रक्तपुरवठ्यावर घ्यायचा, आणि कण्याला रक्त महाधमनीतून येतं हे त्याच वेळी आठवायचं. तुमच्या केसमध्ये शंकांच्या यादीत हे नाव आलं नाही. एमआरआयला मात्र तुम्ही ताबडतोब पाठवलंत आणि त्यानेच पेशंट वाचले.

पाय जाण्याचं आणखी एक कारण कण्यात नसतंच. चीर खाली मांडीच्या धमनीपर्यंत गेली की पायातल्या नसाच उपाशी राहतात. तेव्हा पाय थंड, पांढरट आणि दुखरा असतो, मांडीच्या सांध्यातली नाडी लागत नाही, ताकद पावलाकडे जास्त गेलेली असते आणि लघवीची तक्रार नसते. अशा पेशंटला सायटिका म्हणून ट्रॅक्शन लावलेलं मी पाहिलंय. पायाला हात लावून तो दुसऱ्या पायापेक्षा गार आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ उलगडतं.

मेंदूकडे येऊ. महाधमनीच्या कमानीतून निघणारी पहिली शाखा उजवीकडची, ब्रॅकिओसेफॅलिक. तिच्यातूनच उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी, आणि उजव्या हाताची धमनी निघते. चढत्या महाधमनीतली चीर पुढे सरकली की पहिली गाठ हिच्याशी पडते. म्हणून डिसेक्शनचा स्ट्रोक बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूचा, म्हणजे लकवा डाव्या अंगाचा. आणि त्याच वेळी उजव्या हाताचं बीपी कमी. हे दोन्ही एकत्र दिसले तर मी आधी कमानीचा सीटी मागतो, मग बाकीचं बोलतो.

यात एक सापळा आहे आणि तो कॅज्युअल्टीत रोजच्या सवयीमुळे लागतो. बीपीचा पट्टा सवयीने एकाच हाताला, बऱ्याचदा उजव्या हाताला बांधतात. उजव्या हातात ९० येतं, डाव्या हातात १८० असतं, पण डावा हात लुळा म्हणून कोणी मोजत नाही. मग ९० बघून सलाइन धो-धो सुटतं, कधी बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही लागतं, आणि फाटलेल्या महाधमनीवर आणखी दाब येतो. दुसरं असं की ताज्या स्ट्रोकमध्ये बीपी वर असतं. आपण १८५/११० च्या खाली आणायला धडपडतो, मग गुठळी विरघळवणारी सुई देतो. ज्याचं बीपी औषधाशिवायच कमी आहे तो पेशंट थ्रॉम्बोलिसिसला अगदी सुटसुटीत वाटतो. मला तोच संशयास्पद वाटतो. स्ट्रोक आणि कमी बीपी ही जोडी दिसली की हार्ट अटॅक, रक्तस्राव, सेप्सिस यांच्या रांगेत डिसेक्शनला उभं करायचं. चढत्या महाधमनीची चीर पेरिकार्डियममध्ये, हृदयाभोवतीच्या पिशवीत, गळत असताना अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज दिलं तर टॅम्पोनाड होऊन, म्हणजे त्या पिशवीत साठलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाऊन, पेशंट टेबलावरच दगावू शकतो. म्हणून सुई भरण्याआधी दोन्ही हातांची बीपी, दोन्ही कॅरोटिड आणि दोन्ही मांड्यांच्या नाड्या. मिनिटाचं काम आहे, सुईची वेळ त्यात जात नाही.

मग पेशंट दुखत होतं असं सांगत का नाहीत? काहींना खरोखरच दुखत नाही. डिसेक्शनच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत, जिला आयआरएडी म्हणतात आणि जी १९९६ पासून चालू आहे, वेदनारहित पेशंट साधारण ६ टक्के निघाले. त्यांच्यात चक्कर येऊन पडणं, हार्ट फेल्युअर आणि स्ट्रोक जास्त होते आणि मृत्यूही जास्त. पण न्यूरोलॉजीच्या दारातून येणाऱ्यांत हे प्रमाण बरंच मोठं आहे. जर्मनीत टाइप ए च्या १०२ पेशंटांचा २००७ साली छापलेला एक अभ्यास आहे. त्यात २९ टक्क्यांना सुरुवातीलाच न्यूरोलॉजिकल लक्षणं होती. अशा पेशंटांपैकी दोन-तृतीयांशांनीच छातीत दुखल्याचं सांगितलं. न्यूरोलॉजिकल लक्षणं नसलेल्यांत तो आकडा ९४ टक्के होता.

माझ्या मते यातल्या पुष्कळांना दुखलेलं असतं, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही. मेंदूची डावी बाजू गेली तर बोलणं जातं. उजवी गेली तर माणसाला आपला डावा हात लुळा आहे हेच उमगत नाही, दुखण्याची तक्रार कुठून करणार? बेशुद्ध पडलेला, फिट आलेला, गोंधळलेला माणूस तर सांगूच शकत नाही. काही तासांपुरती स्मृती जाते त्या ट्रान्झिएंट ग्लोबल अ‍ॅम्नेशियासारखं चित्र घेऊन आलेल्या डिसेक्शनचे केस रिपोर्टही आहेत. तिथे माणूस ‘मी इथे कसा आलो’ हेच दहादा विचारत असतो, कळ त्याच्या स्मृतीत उमटलेलीच नसते. म्हणून मी सोबत आलेल्याला विचारतो. ‘छातीत दुखलं का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘पडायच्या आधी शेवटचं काय बोलले? हात कुठे ठेवला होता?’ असं विचारलं की सून सांगते, पाठ धरली होती, गॅस झालाय म्हणाले, अ‍ॅसिडिटीची गोळी मागितली. मान, जबडा, पाठ, पोट, कंबर, यातलं काहीही चालेल. क्षणात शिखराला पोचलेली कळ आणि मग न्यूरोलॉजी, हा क्रम मिळाला की पुरे.

बाकीची विचित्र रूपं भराभर सांगतो, कारण ती तुम्हाला क्वचितच दिसतील. कॅरोटिडमध्ये चीर चढली की तिच्या भोवतालच्या सिंपथेटिक तंतूंना इजा होऊन एका डोळ्याची पापणी उतरते आणि बाहुली बारीक होते, म्हणजे हॉर्नर सिंड्रोम. कमान फुगून डाव्या रिकरंट लॅरिंजियल नसेला दाबते, तेव्हा आवाज एकाएकी घोगरा होतो. फिट येऊ शकते. आणि चक्कर येऊन कोसळणं: आयआरएडीच्याच एका विश्लेषणात ते १३ टक्क्यांत होतं. त्याला साधी भोवळ समजू नये, टॅम्पोनाड आणि स्ट्रोक या दोन्हींशी त्याचं नातं जवळचं आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. दोन हातांच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक हे चांगलं चिन्ह आहे, पण फरक सापडला म्हणजे डिसेक्शनच असं नाही. आपल्याकडे तरुण बाईत एका हाताची नाडी लागत नसेल तर टाकायासू आर्टरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांची सूज, असू शकतो. म्हाताऱ्या, विडी ओढणाऱ्या माणसात सबक्लेव्हियन, म्हणजे हाताला रक्त नेणारी धमनी, आधीपासूनच अरुंद असू शकते. जुने कागद असतील तर बघा. उलट बाजूही तितकीच खरी. आयआरएडीच्या पहिल्या मोठ्या अहवालात, २००० साली, नाडीतला दोष फक्त १५ टक्क्यांत नोंदला होता आणि १२ टक्क्यांचा छातीचा एक्स-रे नॉर्मल होता. म्हणजे सगळ्या नाड्या नीट आणि फोटो साफ, तरी डिसेक्शन असू शकतं. एक्स-रेत रुंद मेडियास्टिनम, म्हणजे दोन फुप्फुसांमधला भाग, दिसला तर मदत, नाही दिसला तर सुटका नाही.

डी-डायमर या रक्तात गुठळी होऊन विरघळल्याची खूण दाखवणाऱ्या तपासणीबद्दलही लोक विचारतात. डिसेक्शनसाठी जो रिस्क स्कोर आहे तो १ किंवा त्याहून कमी आणि डी-डायमर ५०० नॅनोग्रॅमच्या खाली, असं असेल तर निदान बऱ्यापैकी बाजूला ठेवता येतं. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात असे बाजूला ठेवलेल्यांत जवळजवळ कोणालाच डिसेक्शन निघालं नाही. पण त्या स्कोरमध्ये न्यूरोलॉजिकल दोषाला गुण मिळतो तो सोबत वेदना असेल तरच. आपला वेदनारहित पेशंट तिथे गुणच मिळवत नाही. शिवाय स्ट्रोकमध्ये डी-डायमर तसाही वाढू शकतो, आणि खोट्या पोकळीत रक्त गोठून बसलं असेल तर तो कमी राहू शकतो. मी तो मागवतो, पण त्याच्यासाठी थांबत नाही.

त्यापेक्षा हाताशी असलेल्या दोन गोष्टी जास्त कामाच्या. सोनोग्राफीचा प्रोब असेल तर मानेवर ठेवून कॉमन कॅरोटिडमध्ये फडफडणारी रेघ दिसते का बघा, मग छातीवर ठेवून पेरिकार्डियममध्ये पाणी, फुगलेलं एऑर्टिक रूट (महाधमनीचं हृदयाजवळचं मूळ) आणि गळकी एऑर्टिक झडप. दिसलं तर निदान जवळजवळ पक्कं, न दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही. आणि स्ट्रोकसाठी सीटी अँजिओ होणारच असेल तर तो मानेच्या मध्यापासून न घेता कमानीपासून घ्यायला सांगा, आणि सगळ्यात खालच्या स्लाइस स्वतः बघा. तिथे काही खटकलं की तिथेच पूर्ण महाधमनीचा स्कॅन. क्रिएटिनिनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट बघत बसू नये.

संशय पक्का झाला आणि सर्जन दोन-तीन तासांवर असेल, तर काय करायचं? पहिलं म्हणजे काय करायचं नाही ते. छातीत किंवा पाठीत दुखलं की अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा लोडिंग डोस आणि हेपरिन, ही अंगवळणी पडलेली चाल थांबवा. जिभेखाली निफेडिपिन फोडू नका, त्याने ठोके वाढतात आणि भिंतीवरचा ताण वाढतो. वेदनेला मॉर्फिन किंवा फेंटानिल. आधी शिरेतून बीटा ब्लॉकर, लेबेटालॉल किंवा एस्मोलॉल, आणि त्यानंतरच गरज लागली तर दुसरं औषध. ठोके साठच्या खाली आणि वरचं बीपी १०० ते १२०, तेही ज्या हाताचं जास्त येतं त्या हाताचं. टॅम्पोनाड असेल किंवा झडप जोरात गळत असेल तर बीटा ब्लॉकर जपून. १०८ ला फोन करण्याआधी जिथे पाठवताय तिथल्या कार्डियाक सर्जनशी बोलून घ्या, नाहीतर पेशंट आधी न्यूरो वॉर्डात जाऊन पडेल.

पाय गेलेल्या पेशंटमध्ये मात्र या आकड्यांशी तुमची ओढाताण होणार. महाधमनीला कमी दाब हवा, उपाशी मज्जारज्जूला जास्त. याचं एक उत्तर नाही. टाइप बी मध्ये पाय परत येत नसतील तर आम्ही व्हॅस्क्युलर सर्जनसोबत बसून बीपी थोडं वर सोडतो, कधी कमरेतून ड्रेन घालून मणक्यातलं पाणी काढतो, म्हणजे कण्यावरचा दाब उतरतो, आणि स्टेंट ग्राफ्टचा, म्हणजे महाधमनीत आतून नळी बसवण्याचा, विचार लवकर करतो. हे सगळं मोठ्या केंद्रात. तुमच्याकडे एवढंच बघायचं की बीपी उतरवताना पाय पुन्हा जाताहेत का. दर पंधरा मिनिटांनी ताकद लिहा. बीपी ९५ वर आलं आणि पाय ढिले पडले, तर ९५ त्या माणसाला परवडत नाही.

टाइप ए आणि स्ट्रोक एकत्र असेल तर नातेवाइकांना ‘आता ऑपरेशनचा उपयोग नाही’ असं वाटेतच कोणी सांगू नये. स्ट्रोक आहे म्हणून ऑपरेशन बाद होत नाही. मेंदूकडचा रक्तपुरवठा लवकर सुरू झाला तर कोमातून उठलेले पेशंट आहेत. मोठा भाग मरून त्यात रक्तस्राव झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय सर्जन आणि न्यूरोलॉजिस्टने स्कॅन समोर ठेवून घ्यायचा. वयाचंही तसंच. डिसेक्शनचं दुसरं वर्गीकरण ज्यांच्या नावाने चालतं त्या मायकेल डिबेकींना स्वतःलाच हा आजार २००५ च्या अखेरीस झाला, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. २००६ मध्ये ऑपरेशन झालं आणि ते २००८ पर्यंत जगले. प्रत्येकाला ते जमणार नाही हे खरं, पण वय बघून रेफरल अडवू नये.

तुम्ही शेवटी विचारलंय की घरी गेलेल्या पेशंटवर तालुक्यात काय लक्ष ठेवायचं. बीटा ब्लॉकर बंद होऊ देऊ नका. बरं वाटलं की गोळ्या सुटतात, आणि या आजारात त्या जन्माच्या आहेत. पहिल्या वर्षात साधारण एक, सहा आणि बारा महिन्यांनी सीटी अँजिओ, त्यानंतर वर्षाला एकदा. जड ओझी उचलणं बंद. मुलांचा आणि भावंडांचा एकदा इको करून घ्या, त्यातल्या त्यात कोणी खूप उंच, लांब बोटांचं असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर आधी. आणि लघवीचा त्रास उरला असेल तर जंतुसंसर्ग होणारच, मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहून मिळेल. महाधमनीच्या रुग्णांत ही औषधं शक्यतो टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१८ मध्ये दिलेला आहे. डिस्चार्ज कार्डावर लाल पेनने तेवढं मराठीत लिहून द्या, आणि मेडिकलवाल्यालाही ते कार्ड दाखवायला सांगा.